शुक्रवारचा अर्धा तास

रविवारी चॅपेल सुटल्यावर मिरियम पिलिंग भावाच्या घरी जेवायला आली ती चांगली बातमी घेऊन, आणि मटण-बटाट्याच्या हॉटपॉटचं भांडं रिकामं व्हायच्या आत त्या बातमीने घरात दोन तट पाडले.

बातमी तशी लहानच होती. पार्लमेंटमध्ये शुक्रवारी दुपारी चार वाजता ठरलेलं कामकाज संपतं आणि त्यानंतरचा अर्धा तास एकाच खासदाराचा असतो. त्याने पहिली पंधरा मिनिटं आपल्याला वाटेल तो प्रश्न मांडायचा आणि उरलेल्या वेळात सरकारच्या वतीने कोणीतरी उठून त्याला उत्तर द्यायचं. हा अर्धा तास कोणाला मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. मिरियम पंचेचाळीस साली निवडून आली तेव्हापासून तिने कितीदा तरी नाव टाकलं होतं. फेब्रुवारीतल्या निवडणुकीत ती जेमतेम निसटून पुन्हा निवडून आली, आणि आता मे महिन्यात तिची चिठ्ठी निघाली होती. येत्या शुक्रवारी ती बोलणार होती. विषय होता मागावरच्या कामगारांचं बहिरेपण.

थॉर्नशॉत, तिच्या या कापडगिरण्यांच्या गावात, या विषयावर कोणी बोलत नसे. केस पिकतात तसे विणकरांचे कान जातात, असंच सगळे धरून चालत. एका छपराखाली चारशे माग एकदम धडधडत असले की शेजारणीने कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही. त्यामुळे तेरा-चौदाव्या वर्षी कामाला लागलेली पोर पहिल्या सहा महिन्यांत ओठ वाचायला शिकते. ती सवय घरीही येते. पिलिंगांच्या घरात कोणी पाठ फिरवून बोलत नसे. तोंड समोर धरायचं, ओठ पुरते हलवायचे, मग आवाज निघाला काय आणि न निघाला काय. म्हाताऱ्या सारा पिलिंगने सेहेचाळीस वर्षं मागावर काढली होती, आणि आता दार जोरात आपटलं तरच तिला कळे. मिरियम स्वतः अकरा वर्षं विणकाम करून मग युनियनच्या कचेरीत गेली होती. तिचाही डावा कान निम्माच चाले.

"अठ्ठावीस वेळा बोललीय ही पाच वर्षांत," सेथ म्हणाला. तो तिचा थोरला भाऊ, अठ्ठेचाळीस वर्षांचा, क्रॉफ्ट मिलमध्ये जॉबर. ऐंशी माग चालते ठेवायची जबाबदारी त्याची. "आई पार्लमेंटचा छापील अहवाल मागवते ना, त्यात मोजलंय मी. त्यातल्या नऊ वेळा नुसतं 'धन्यवाद' म्हणालीय."

"धन्यवाद म्हणायलासुद्धा उभं राहावं लागतं," मिरियम म्हणाली, आणि सगळे हसले. आईला हसण्याचं कारण जॉयसने पुन्हा ओठांनी सांगितलं. जॉयस ही सेथची एकुलती एक मुलगी. वय एकोणीस, मास्तरीण व्हायच्या कॉलेजात. मागावर न गेलेली ती या घराण्यातली पहिलीच.

लाल कोबीचं लोणचं टेबलावरून फिरलं, आणि मिरियमने अडचण सांगितली. मार्चमध्ये तिने याच विषयावर लेखी प्रश्न विचारला होता. उत्तर दोन ओळींचं आलं: अशी तक्रार एकाही कामगाराकडून आलेली नाही, सबब चौकशीचं कारण दिसत नाही. त्यामुळे या वेळी तिला जिवंत माणसाचं नाव हवं होतं. तिने आठ जणांना विचारलं होतं, आणि आठही जणांनी मान हलवून नाही म्हटलं होतं.

"नाही म्हणणारच," सेथ म्हणाला. "मॅनेजरच्या हातात आपणहून काठी कोण देईल?"

मिरियमने काटा खाली ठेवला. जे बोलायचं ते तिने गाडीत बसल्यापासून मनात घोळवलं होतं, तरी तोंडातून निघताना ते कसंतरीच निघालं. सेथने आपलं नाव द्यावं, असं तिने विचारलं.

जॉयसचे कान लाल झाले. सेथने आधी बहिणीकडे पाहिलं आणि मग मुलीकडे, आणि त्याला काय समजायचं ते समजलं.

"मी लिहिलं आत्याला," जॉयस म्हणाली. "पत्रात. ईस्टरच्या सुट्टीत मी तुमच्या मागे उभी राहून तीनदा हाक मारली होती, बाबा. एकदा तर अगदी कानाशी. तुम्ही भाजी चिरत राहिलात."

मिरियमला वाटलं होतं की सेथ चिडेल, आणि तिने त्याची तयारीही केली होती. पण तो घरातल्या कपाटामागे लपवलेली एखादी वस्तू पाहुण्यांसमोर काढली गेल्यासारखा खाली बघत बसला. त्याची ऐकण्याची शक्ती थोडी कमी झाल्याचं तिला ठाऊक होतं. ती इतकी गेली असेल हे पत्र येईपर्यंत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण या घरात सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत.

आधी आई बोलली. तिने सगळं ओठांवरून वाचलं होतं. तिचा आवाज तिला स्वतःला ऐकू येत नसल्याने तो नेहमीच मोठा निघे. भावाचं गाऱ्हाणं लंडनच्या लोकांपुढे मांडून मोठं व्हायचं असेल तर तू खासदार झाली नसतीस तरी चाललं असतं, असं तिने मिरियमला सुनावलं. आईच्या पोटात चाळीस वर्षांपूर्वीची भीती होती. ऐकू न येणाऱ्या जॉबरच्या हातात दुसऱ्या दिवशी झाडू येतो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

मिरियमने जॉयसकडे पाहिलं, जॉयसने ताटाकडे. बाजू घेणारं कोणी उरलं नाही असं वाटत असताना सेथची बायको अ‍ॅनी हात पुसून खुर्चीवर नीट बसली. चार मागांवर दिवसभर उभी राहणारी ही बाई एरवी जेवताना फारशी बोलत नसे.

"डिसेंबरात काय झालं ते हा सांगणार नाही, म्हणून मी सांगते," ती म्हणाली. "माझ्या समोरच्या रांगेत हा वाकून पट्टा बघत होता. पलीकडच्या मागावरचा लोखंडी टोकाचा धोटा खडखडायला लागला. कोणताही जॉबर ते ऐकून मागे सरला असता. हा तसाच वाकलेला. मी ओरडले, पण ओरडून काय उपयोग? हाताला सुताची बॉबिन लागली ती मी सगळ्यांच्या देखत नवऱ्याच्या पाठीत मारली. हा रागाने वळला, आणि त्याच क्षणी धोटा उडाला. याचं डोकं जिथे होतं तिथून तो गेला आणि भिंतीत रुतला."

आईने "काय म्हणाली?" असं विचारलं, पण कोणी तिला सांगितलं नाही.

"भिंतीत रुतला, आई," अ‍ॅनीच मग तिच्याकडे तोंड करून म्हणाली. "दोन माणसं लागली उपटायला. आता तुम्हीच सांगा, झाडू वाईट की ते."

सेथ उठला, टोपी घेतली आणि मागच्या दाराने निघून गेला.

तो कुठे गेला असेल ते सांगायला नको होतं. टेकडीच्या उतारावर पिलिंगांची कोंबड्यांची खुराडी होती. मिरियम पोचली तेव्हा तो खुराड्याची जाळी घट्ट करत होता, आणि ती समोर येऊन उभी राहीपर्यंत त्याला तिची चाहूल लागली नाही.

"तुला पंधरा मिनिटं मिळालीत," तो म्हणाला. "मला मिलच्या त्या खात्यात अजून सतरा वर्षं काढायची आहेत."

तिने कबूल केलं.

"आणि बोलून होतं काय? खरं सांग. भाषण नको."

तिने खरं ते सांगितलं. युद्धात पाय गमावलेल्या गावातल्या सात पोरांना लाकडी पाय बसवून घ्यायला मँचेस्टरला खेटे घालावे लागत. त्यावर तिने दोन वर्षांत सहा प्रश्न विचारले. पाच वेळा उत्तर नकाराचं आलं. सहाव्यानंतर पाय बसवणारा माणूस महिन्यातून एकदा थॉर्नशॉच्या दवाखान्यात यायला लागला. पाच वर्षांत हातात धरून दाखवता येईल असं तेवढंच.

"महिन्यातून एकदा," सेथ म्हणाला.

"महिन्यातून एकदा. मला याहून मोठं काही जमत नाही, सेथ. मी दार वाजवत राहते, बस. पण तुझं नाव घेणार नाही. तुझ्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. हे मी आईसमोरही सांगून जाते."

त्याने मान डोलावली आणि पुन्हा जाळीकडे वळला. सहाच्या गाडीने ती लंडनला परतली. फलाटावर सोडायला आलेली जॉयस रडवेली झाली होती. आपल्यामुळे सगळं बिघडलं असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मिरियमने तिला समजावलं, पण डब्यात बसल्यावर तिला स्वतःलाच कोणी समजावायला हवं होतं.

तो आठवडा वाईट गेला. बुधवारी पक्षाच्या प्रतोदाने तिला बोलावून घेतलं. माणूस सभ्य होता, आणि निवडणुकीपासून त्याला झोप कमी मिळत होती. आपलं बहुमत जेमतेम पाचाचं आहे, उत्तर द्यायला उठणारा उपमंत्री आपल्याच पक्षाचा आहे, तेव्हा विषय मांडा, आभार माना आणि खाली बसा, विरोधकांना आयतं हत्यार देऊ नका, असं त्याने सांगितलं. शिवाय नियमाप्रमाणे त्या अर्ध्या तासात नवा कायदा मागता येत नाही, ही आठवणही त्याने करून दिली. मिरियमला तिची गरज नव्हती. ती कायदा मागणारच नव्हती. एक डॉक्टर येऊन तपासून जाऊ दे, एवढंच ती मागणार होती. तिने गुरुवारी भाषण तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा ते तिला पोकळ वाटलं. 'अनेक कामगार' हे शब्द त्यात सात ठिकाणी आले होते आणि माणूस एकही नव्हता.

शुक्रवारी दुपारी तीनला शिपाई हिरवं कार्ड घेऊन आला. मतदारसंघातून कोणी भेटायला आलं की मधल्या मोठ्या दालनात हे कार्ड भरून द्यावं लागतं. नावाच्या जागी सेथचं चौकोनी अक्षर होतं. भेटीचं कारण या रकान्यात लिहिलं होतं: कामाचं.

ती जवळजवळ धावतच गेली. दगडी पुतळ्यांच्या मधे रविवारच्या सुटात सेथ उभा होता, आणि त्याच्या शेजारी हॅट घातलेली अ‍ॅनी. दोघांनी कामाचा दिवस बुडवला होता. मिरियमच्या मनात पहिला विचार आला तो आईचा. पण आई ठणठणीत होती. सेथने आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्या हातात दिला.

पेन्सिलीने लिहिलेली एकेचाळीस नावं होती. प्रत्येकापुढे मागावर काढलेली वर्षं, आणि कोणता कान गेला ते. पहिलं नाव सेथ पिलिंग, चौतीस वर्षं, दोन्ही.

कसं झालं ते त्याने तिला तिथेच, खांबाला टेकून सांगितलं. सोमवारी तो कामावर गेला तो रागातच. आपण नाही म्हणालो तसं कोणीही नाही म्हणेल, हे त्याला स्वतःलाच सिद्ध करून दाखवायचं होतं. म्हणून त्याने सगळ्यात आधी आयव्ही हारग्रीव्ह्जला विचारलं. ती खात्यातली सगळ्यात भित्री बाई. मॅनेजर दारातच उभा होता, पण माग चालू असताना ओठांवर चाललेलं बोलणं त्याला कुठून कळणार? तो कधी मागावर उभा राहिलेला नव्हता. चारशे मागांच्या मधे दिवसाढवळ्या हवं ते बोलता येत होतं.

"मी तिला म्हटलं, तू नाव देशील का? तर ती म्हणते, तुम्ही देत असाल तर देते." सेथ थांबला. टोपी त्याने हातात गोल फिरवली. "मी म्हटलं, माझा काय संबंध? तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी लहान मूल आहे. म्हणाली, सेथ, सगळ्या खात्याला दहा वर्षांपासून माहीत आहे. माग बिघडला की आम्ही हाक मारत नाही, चालत येऊन तुमच्या समोर उभ्या राहतो, ते काय उगाच?"

मिरियमने कागदावर आयव्हीचं नाव शोधलं. ते दुसरंच होतं.

"दहा वर्षं," तो म्हणाला. "मला वाटत होतं की मी लपवतोय. आणि त्या सगळ्या मला सांभाळून घेत होत्या. मग मी गुरुवार संध्याकाळपर्यंत रांगेने सगळ्या मागांवर फिरलो. पोस्टात टाकलं तर वेळेत पोचणार नव्हतं, म्हणून आलो."

नावं वाचली की ती छापली जाणार आणि मॅनेजरच्या टेबलावर जाणार, हे तिने त्याला स्पष्ट सांगितलं. उत्तर अ‍ॅनीने दिलं. मिलमध्ये माणसं मिळत नाहीत म्हणून तीस माग बंद पडून आहेत, दारावर भरतीची पाटी वर्षभर लटकते आहे. एकेचाळीस जणांना काढलं तर मॅनेजर स्वतः विणायला बसणार का, असं तिने विचारलं.

"सगळी वाच," सेथ म्हणाला. "एक गाळू नकोस. गाळलेल्याला वाईट वाटेल."

चार वाजता सभागृहात अकरा सदस्य उरले होते, आणि त्यातले दोघे आपले कागद आवरत होते. मिरियम उभी राहिली. वर प्रेक्षकांच्या सज्ज्यात दोन माणसं पुढे वाकून बसलेली तिला दिसली, आणि मग तिने तिकडे पाहायचं टाळलं. लिहून आणलेली पहिली दोन पानं तिने बाकावर ठेवून दिली.

मार्चमध्ये आपल्याला मिळालेलं उत्तर तिने आधी वाचून दाखवलं: एकाही कामगाराची तक्रार नाही. मग सभापतींकडे वळून ती म्हणाली की आज आपल्याकडे तक्रार आहे आणि सभागृहाच्या परवानगीने आपण ती वाचणार आहोत. तिने सेथचं नाव घेतलं. तो आपला भाऊ आहे हेही सांगितलं, कारण ते लपवणं बरं दिसलं नसतं. मग आयव्ही हारग्रीव्ह्ज, एकतीस वर्षं, उजवा. मग पुढची. अकराव्या-बाराव्या नावाला कागद आवरणारे हात थांबले. विसाव्या नावाला दारापाशी गेलेला एक सदस्य परत येऊन बसला. नावं संपायला साडेचार मिनिटं लागली. तेवढा वेळ ती एकदाही अडखळली नाही, आणि त्यात तिचं स्वतःचं असं एकही वाक्य नव्हतं.

पुढे तिने मागितलं ते थोडकंच. एक डॉक्टर, कान मोजायचं एक यंत्र, एक गाव. समोरच्या बाकावरून एका विरोधी सदस्याने मधे बोलायची परवानगी मागितली. मिरियम खाली बसली. तो यॉर्कशरच्या एका लोकर विणणाऱ्या गावाचा खासदार होता. दोन वाक्यं बोलला: माझ्या गावात हेच आहे, आणि मी हा प्रश्न कधी विचारला नाही याची मला लाज वाटते.

उपमंत्री उठला. तरुण माणूस, हातात टाइप केलेलं उत्तर. त्याने पहिलं पान बघितलं, मग दुसरं. सभागृहात इतकी शांतता होती की कागद उलटल्याचा आवाज मिरियमला चांगल्या कानाने स्पष्ट ऐकू आला.

"माझ्याकडच्या उत्तरात तक्रारी नाहीत असं लिहिलेलं आहे," तो शेवटी म्हणाला. "गेल्या पंधरा मिनिटांत ते चुकीचं ठरलं. ते मी वाचणार नाही."

त्याने फार काही दिलं नाही. बहिरेपण कामामुळेच येतं हे मान्य करायला तो तयार नव्हता, पुढे काय होईल याचंही वचन देईना. पण हिवाळ्याच्या आत थॉर्नशॉला यंत्रासह डॉक्टर पाठवीन आणि जे आढळेल ते जाहीर करीन, एवढं तो स्वच्छ शब्दांत बोलला, आणि ते लिहिलं गेलं. साडेचारला सभागृह उठलं.

बाहेर प्रतोद भेटला. आधी सांगायचं होतंत, एवढंच बोलून तो पुढे गेला, पण जाताना त्याने तिच्यासाठी दार धरलं होतं. सज्ज्यातून उतरलेल्या सेथला वरून उपमंत्र्याचा फक्त टाळू दिसला होता, ओठ नाहीत. तो काय म्हणाला हे मिरियमने त्याला जिन्यातच दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्याने अ‍ॅनीचा हात धरला, भर लंडनात, आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही.

सोमवारी मॅनेजरने सेथला कचेरीत बोलावलं. सगळं खातं दाराकडे डोळे लावून होतं. वीस मिनिटं बोलणी झाली. मग खात्यात एकामागून एक तीन माग बंद पडले. ते आपोआप पडले की पाडले ते आयव्हीला विचारायला हवं. मॅनेजरने सेथला लवकर जाऊन ते चालू कर म्हणून सांगितलं. त्यानंतर तो विषय त्याने काढला नाही. आईने मात्र मिरियमशी जुलैपर्यंत अबोला धरला. मग एका रविवारी तिने न विचारता मिरियमच्या ताटात आपल्या वाटच्या रेशनच्या मटणातला तुकडा वाढला आणि प्रकरण मिटवलं.

डॉक्टर आली ती नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, मँचेस्टरहून, बरोबर लोखंडी पेटीएवढं यंत्र घेऊन. तिला चॅपेलमागची रविवारच्या शाळेची खोली दिली होती, कारण गावात त्याहून शांत जागा नव्हती. एकेचाळीस जणांची यादी होती आणि दारात सव्वाशेच्या वर माणसं जमली होती. मिरियम सकाळच्या गाडीने आली होती. आईही आली होती. मला काय ऐकू येत नाही ते माझं मलाच बघायचंय, असं ती सगळ्यांना मोठ्याने सांगत होती.

पण पहिली खुर्ची रिकामीच राहिली. सगळे भिंतीला लागून उभे होते. सव्वाशे माणसांसमोर बसून आपल्याला ऐकू येत नाही हे दाखवायला कोणाचे पाय पुढे होईनात. डॉक्टरने दोनदा विचारलं. तेव्हा सेथने कोट काढून अ‍ॅनीकडे दिला आणि जाऊन बसला. खुर्ची पोरांची होती, त्याचे गुडघे हनुवटीशी आले.

डॉक्टरने त्याच्या कानांवर यंत्राला जोडलेल्या कानपट्ट्या चढवल्या आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. ती बटण फिरवत गेली. बोट गुडघ्यावरच राहिलं. तिने आणखी फिरवलं. बऱ्याच वेळाने बोट उठलं. पुन्हा बराच वेळ गेला, पुन्हा उठलं. असं सहा-सात वेळा झालं. डॉक्टरने कागदावर खुणा केल्या, कानपट्ट्या काढल्या आणि त्याच्या समोर येऊन, तोंड नीट दिसेल असं धरून विचारलं, "ऐकू येईनासं होऊन किती वर्षं झाली?"

सेथने एकदा भिंतीलगतच्या माणसांकडे पाहिलं.

"सोळा," तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला.

डॉक्टरने लिहून घेतलं. तो उठायच्या आतच आयव्ही हारग्रीव्ह्ज हॅट काढून खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली होती, आणि तिच्या मागे रांग लागली होती.